दीपगृहावरची तक्रार

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं तपासनीस होती. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागून एक यायच्या. त्यांच्या मागे पांढऱ्या उजेडाची पाटी लावलेली असायची आणि त्या उजेडात बाटलीतला बुडबुडा, केसाएवढा तडा, तिरकी मान असं काही दिसलं की ती बाटली उचलून बाजूच्या पेटीत टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. नव्या मुली तासाभरात डोळे चोळायला लागायच्या. हिची मात्र पापणी लवायची नाही.

घरी तिला सगळे 'भिंग' म्हणत. धाकट्या बहिणीने लहानपणी चिडून ठेवलेलं ते नाव, पण तिला मनातून आवडायचं. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकटी राहायची आणि त्या दोन खोल्यांत चमचासुद्धा आपली जागा सोडून कुठे जायचा नाही. बहिणीचं घर म्हणजे याच्या अगदी उलट. तिला तीन मुलं. थोरली दहा वर्षांची, शांत, सगळं बघणारी. तिच्या पाठचे दोघे जुळे, सहा वर्षांचे. एकाचं नाव पडलं होतं टोळ, कारण तो जमिनीवर क्वचितच असायचा. दुसरा भुंगा, कारण तो झोपेतही काहीतरी गुणगुणत असायचा. दोघे मिळून पडद्याला लोंबकळायचे, सोफ्यावरून उड्या मारायचे, आणि त्यांची आई चहा पीत म्हणायची, "दमतील आणि झोपतील."

भिंगमावशीला हे बघवायचं नाही. दर भेटीत ती बहिणीला ऐकवायची. "तुझं लक्ष नसतं ग. मुलांना धाकात नाही ठेवलं की अशीच होतात. एक दिवस माझ्याकडे दे, सरळ करून आणते."

तो दिवस आला, कारण बहीण न्हाणीघरात घसरली आणि तिचा घोटा प्लास्टरमध्ये गेला. नवरा कामानिमित्त दुसऱ्या गावी, यायचा शनिवार-रविवारी, पण त्या आठवड्यात त्यालाही जमणार नव्हतं. शाळेला सुट्टी. दोन्ही जुळे घरात कोंडलेले. फोनवर बहिणीचा आवाज रडवेला झाला तेव्हा भिंगमावशी म्हणाली, "रविवारी मी नेते तिघांना. दीपगृह बघून येतो. तू पाय वर करून पड."

बसमध्येच तिने नियम सांगितले. हात सोडायचा नाही. पळायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

"हसायचं का?" टोळाने विचारलं.

"हळू."

दीपगृह समुद्रात घुसलेल्या खडकाच्या टोकावर होतं. तांबडे-पांढरे पट्टे, वरती काचेची खोली. तिथवर जायला खडकातूनच काढलेली दगडी वाट होती आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. कठड्याला एक माणूस पांढरा रंग देत होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कोपरापर्यंत रंगाने माखलेला. तो तिथला रोजंदारीवरचा माणूस होता. रंगवणं, जिने झाडणं, काचा पुसणं, सगळं त्याच्याकडे असायचं.

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि म्हणाला, "बाई, पुढे दहा पावलं कठडा काढलाय, गंजला होता. डाव्या अंगाला घळ आहे, तिच्यात पाणी घुसतं. मुलांचे हात धरा."

"मला दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम बघा."

त्याने ब्रश पुन्हा उचलला. थोरलीने मात्र मागे वळून त्याच्याकडे बघितलं. मावशीच्या वतीने माफी मागावी तसं.

आत गोल जिना होता. जुळ्यांनी पायऱ्या मोजत वर धाव घेतली. टोळाच्या एकशे अठ्ठेचाळीस झाल्या, भुंग्याच्या एकशे बावन्न. भांडण मिटवायला दोघे पुन्हा खाली उतरले, पुन्हा वर गेले. मावशी दुसऱ्या वळणावर भिंतीला टेकून श्वास घेत होती तोवर दोघे तिच्या बाजूने तीनदा आले-गेले. हात सोडायचा नाही हा नियम तिथेच संपला. वर गेल्यावर टोळाने काचेच्या आतलं भलंमोठं भिंग बघितलं आणि विचारलं, "मावशी, हे पण चुका काढतं का?" भुंगा खो-खो हसत खालीच बसला. थोरलीने त्याला कोपर मारलं. मावशीला काय समजायचं ते समजलं, पण दम एवढा लागला होता की रागवायलाही जमलं नाही.

खाली उतरेपर्यंत ती पुरती दमली होती. दीपगृहाच्या भिंतीच्या सावलीत दगडी बाक होता. ती त्यावर टेकली, चपला काढल्या आणि थोरलीला म्हणाली, "पाच मिनिटं बघ ग यांच्याकडे." मग डोळे मिटले. वारा गार होता. सकाळी पाचला उठून ती डबे भरून निघाली होती. तिला झोप लागली.

किती वेळ, ते तिला पुढेही कधी कळलं नाही. जाग आली ती टोळाच्या रडण्याने. तो एकटाच समोर उभा होता. भुंगा नव्हता, थोरली नव्हती.

ती अनवाणी धावली. कठडा काढलेल्या जागी आली आणि तिला दिसलं ते असं : तो रंगारी भुंग्याला बखोटीला धरून ओढत होता, भुंगा किंचाळत लाथा झाडत होता आणि त्याचा शर्ट खांद्यापर्यंत फाटला होता.

"सोड त्याला," ती ओरडली, आणि खांद्यावरची बॅग तिने जिवाच्या आकांताने फिरवली. बॅगेत पाण्याची भरलेली स्टीलची बाटली होती. ती माणसाच्या तोंडावर बसली. त्याचा ओठ फुटला, तो गुडघ्यांवर बसला, पण भुंग्याचा हात त्याने सोडला नाही. मावशीने मुलाला हिसकावून घेतलं.

माणसं जमायला वेळ लागला नाही. सहलीला आलेल्या एका तरुणाने रंगाऱ्याची कॉलर धरली. रंगाऱ्याला धाप लागली होती. "पोरगं... खाली..." एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला गप्प करत होतं.

तेवढ्यात थोरली खडकांवरून धडपडत आली. "मावशी, मीच काकांना बोलावलं. भुंगा घळीत उतरला होता. त्याला वर येता येत नव्हतं. काकांनी..."

"तू गप्प बस," मावशी म्हणाली.

हे शब्द तिने ठरवून उच्चारले नव्हते. पण उच्चारले. त्याच क्षणी एक अनोळखी बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं हो तुमचं लक्ष होतं." बाजूला कोणीतरी मोबाइल वर धरून चित्रण करत होतं. सगळे तिच्या बाजूने होते. आता खरं बोलायचं म्हणजे आधी हे सांगायचं की लक्ष नव्हतं, मी झोपले होते, दहा वर्षांच्या मुलीवर टाकून झोपले होते. तिने भुंग्याला आणखी घट्ट धरलं.

दीपगृहाच्या पायथ्याशी बैठी कचेरी होती. तिथल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, कागद दिला. तिने लिहिलं, की सदर इसम माझ्या भाच्याला जबरदस्तीने ओढून नेत होता. लिहिताना भुंगा तिच्या मांडीला टेकून उभा होता. त्याच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंत हिरवं शेवाळ माखलेलं होतं आणि पोटावर खडकाने ओढलेले उभे ओरखडे होते. खालून वर ओढल्याखेरीज असे ओरखडे उठत नाहीत. हे तिला दिसलं. बावीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? तरी तिने सही केली.

रंगारी दाराशी उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, थोरलीकडे बघत होता. थोरली फरशीकडे बघत होती.

घरी आल्यावर बहिणीने मुलाला छातीशी धरलं आणि मग तिला. "ताई, तू नसतीस तर काय झालं असतं ग." तिने बहिणीला थोपटलं, डबे विसळले आणि बस गाठली. रात्री जेवण गेलं नाही, तर थकवा म्हणून सोडून दिलं.

चित्रण तीन दिवसांत सगळीकडे पोचलं. त्यात फक्त शेवटचा भाग होता : बॅग, फुटलेला ओठ, कॉलरला धरलेला माणूस. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या मुलीने मोबाइल पुढे केला. "मॅडम, या तुम्हीच ना? काय हाणलंय." इतर बायका उठून बघायला आल्या. कोणी म्हणालं, असंच पाहिजे. एकीने तिच्यासाठी घरून गोड आणलं. तिने ते खाल्लं, कारण नाही कसं म्हणायचं ते सुचेना. घास घशाखाली उतरताना कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि तेव्हापासून कोणी तो विषय काढला की तशाच होऊ लागल्या. ती चुकवायला लागली. डबा घेऊन गोदामामागे जाऊन बसू लागली. शेजारणीने कौतुक केलं तर गॅसवर दूध आहे म्हणून दार लावून घ्यायची. दूध नसायचं.

बहिणीकडे गेली की थोरली पाण्याचा पेला आणून समोर ठेवायची आणि आत निघून जायची. उद्धटपणा नाही, काही नाही. एक पेला, आणि पाठ.

अकराव्या दिवशी तिने बहिणीला फोन केला तो थोरलीने उचलला.

"आई आंघोळीला गेलीय."

"तू कशी आहेस?"

मागे जुळ्यांचा गोंगाट चालू होता. मग थोरली म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलले नव्हते."

"माहीत आहे मला."

"मग?"

फोन ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. एवढीशी मुलगी, मोठ्या माणसांच्या घोळक्यात खरं बोलली आणि तिला गप्प केलं. शिवाय तिने आईलाही काही सांगितलं नव्हतं, जुळ्यांनाही बोलू दिलं नव्हतं. मावशीची अब्रू त्या पोरीने अकरा दिवस एकटीने सांभाळली होती.

ती त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेली आणि सगळं सांगितलं. बहीण प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून ऐकत होती.

"झोप लागली होती, एवढं मला सांगायला काय झालं होतं?" ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू नसतंस खाल्लं. पण मी तुला इतकी वर्षं खाल्लं ना. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

बहिणीने डोळे पुसले. तिला राग आला होता, तो तिने लपवला नाही. "त्या माणसाने माझं पोर बाहेर काढलं आणि आपण त्याला मारलं. ताई, मी त्या व्हिडिओखाली काय काय वाचून खूश झाले माहितेय?" मग म्हणाली, "जा. आणि थोरलीला घेऊन जा. तिला तुझ्या तोंडून ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी दीपगृहाच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला लगेच ओळखलं आणि पुन्हा खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने काय घडलं ते सांगितलं. साहेबांनी कपाटातून फाईल काढली. "त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हटलं. तो सांगत होता, पण तुमची सही होती." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला हे कळलं कधी?"

नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. साहेबांनाही ते सोयीचं होतं. ते जणू त्याच उत्तराची वाट बघत होते. थोरली तिच्या शेजारी उभी होती.

"सही करायच्या आधी," ती म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. आता बोललात तेही लिहा."

तिने तेही लिहिलं. खाली सही केली.

रंगाऱ्याचं घर खडकाच्या मागच्या वस्तीत होतं. पत्र्याचं छप्पर, दोन पायऱ्या, दाराशी कोळशाने काढलेले लहान मुलांच्या उंचीचे आडवे फराटे. दार त्याच्या बायकोने उघडलं. ओळखलं, आणि आत या म्हणाली नाही.

"कशाला आलीस हे तो विचारणार नाही," ती म्हणाली, "म्हणून मीच विचारते."

मावशीने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा. या वेळी जास्त अवघड गेलं, कारण आतल्या अंधारात रंगारी बसलेला दिसत होता. त्याच्या ओठावर काळपट खूण होती. ती पाया पडायला वाकली तसा तो उठून मागे सरकला. "ते नको."

"साहेबांना लेखी दिलंय. तुम्हाला कामावर घेतील."

"घेतील," तो म्हणाला.

बायको मात्र थांबली नाही. "वीस वर्षं हा वस्तीतल्या पोरांना पोहायला शिकवतो. ओहोटीला पलीकडे खडकांत पाणी साचतं, तिथे. एक पैसा घेत नाही. याचा भाऊ लहानपणी त्या घळीत गेला, म्हणून. बारा-तेरा पोरं यायची. आता एक येत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने पोरीला पाठवलं नाही. म्हणते, तसं काही नाही ग, पण लोक बोलतात. तुझा कागद इथे कोण वाचणार?"

"मी सांगते त्यांना."

सांगायला वस्तीतल्या दुकानाशी गेली. चार-पाच बायका होत्या. ती बोलली, थोरली शेजारी होती, तीही बोलली. बायका ऐकून घेत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. एक हळूच म्हणाली, "तुमच्यावर कोणी दबाव आणला का?"

"नाही हो. मीच खोटं लिहून दिलं होतं."

"आम्ही बघितलाय व्हिडिओ," दुसरी म्हणाली.

"त्यात मीच आहे."

"हो, म्हणून तर."

म्हणून तर काय, ते तिने सांगितलं नाही, पण सगळ्यांना समजलं, की उगाच कोणी असं मारत नाही. एका बॅगेच्या फटक्यात जे पसरलं होतं ते आता कितीही बोललं तरी गोळा होत नव्हतं. मावशी तिथे उभी राहिली. मग ती तशीच परत रंगाऱ्याच्या दारात गेली.

"माझ्या भाच्यांना पोहायला शिकवाल का?" तिने विचारलं. "दोघांनाही. दर रविवारी घेऊन येईन."

रंगारी तिच्याकडे पहिल्यांदा सरळ बघत होता. "तुमची पोरं मी हातात धरू?"

"हो."

"नको बाई. पुन्हा काही झालं तर?"

बोलायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं. उत्तर थोरलीने दिलं. "काका, भुंगा मला रोज विचारतो, ते काका कुठेत म्हणून. त्याने तुम्हाला लाथा मारल्या, त्याचं त्याला वाईट वाटतं."

त्याने ओठावरच्या खुणेवर बोट फिरवलं. "येत्या रविवारी ओहोटी सकाळी आहे," तो म्हणाला. "तुम्ही काठावर बसायचं. पूर्ण वेळ. जागं राहायचं."

आत त्याच्या बायकोने भांडं जरा जोरात आपटलं. मावशीचे कान पेटले. "राहीन," ती म्हणाली.

पहिल्या रविवारी पाण्यात दोघेच होते, टोळ आणि भुंगा. टोळ उड्या मारत होता, भुंगा तोंड पाण्याखाली घालून गुणगुणत होता आणि बुडबुडे काढत होता. रंगारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकेकाच्या पोटाखाली तळहात धरायचा आणि सांगायचा, पाय सरळ, मान सैल. मावशी काठावरच्या खडकावर ताठ बसली होती. वस्तीतल्या दोन बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. त्यांना बघायचं होतं ते हे, की जिने मारलं तिचीच पोरं याच्या हातांत आहेत. दुसऱ्या रविवारी रंगाऱ्याच्या मेहुणीची मुलगी आली. महिना होत आला तेव्हा त्याला कामावर परत बोलावणं आलं. पाचव्या रविवारी पाण्यात सात मुलं होती. बारा-तेरा मात्र पुन्हा झाली नाहीत, निदान त्या वर्षी तरी.

रंगारी तिच्याशी गरजेपुरतं बोलायचा. पुढची ओहोटी किती वाजता, टॉवेल जास्तीचा आणा, एवढंच. त्याच्या बायकोने तिला एकदाही घरात बोलावलं नाही, आणि तिनेही कधी तशी अपेक्षा केली नाही. कारखान्यात तिने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. त्यानंतर पॅकिंगच्या मुली ती आली की आवाज खाली करू लागल्या. बहिणीच्या घरी चुका काढायची तिची सवय मात्र पूर्ण गेली नाही. तोंड उघडायची, अर्ध्यावर थांबायची, आणि बहीण हसू दाबून म्हणायची, "बोल बोल."

सातव्या रविवारी पलीकडच्या गावाहून एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा आठेक वर्षांचा, तिच्या साडीमागे लपलेला. बाई मावशीच्या शेजारी खडकावर बसली, पाण्याकडे बघत राहिली, आणि जरा वाकून कुजबुजली, "हाच ना हो तो, व्हिडिओतला?"

"हो," मावशी म्हणाली. "आणि बॅग मारणारी मी."

मग तिने पहिल्यापासून सांगितलं. बाकावरची झोप, थोरलीला गप्प केलं ते, शेवाळ दिसलं ते, सही. कितीदाही सांगितलं तरी सवय होत नव्हती. सहीपाशी आलं की कान तसेच पेटायचे. सांगताना तिची नजर मात्र पाण्यावर होती, मुलं मोजत होती.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग मुलाचा शर्ट काढला, त्याला हाताला धरून पाण्यापर्यंत नेलं, रंगाऱ्याच्या हातात दिलं. परत आली ती मावशीच्या शेजारी बसली नाही. दोन खडक सोडून पलीकडे बसली.